हिल्केची शिट्टी

होल्वर्डला बांध चढून गेलं की पलीकडे समुद्र असायला हवा,
पण ओहोटीला तिथे नुसता राखाडी चिखल असतो,
आभाळापर्यंत लोटून दिलेला.
पायऱ्यांवर मेंढ्यांच्या लेंड्या, लेंड्यांवर हिमाचा पापुद्रा.
हिल्के माझ्या खांद्यावर हात ठेवून चढतो.
शहाऐंशी वर्षं, दोन्ही गुडघे बदललेले.
बाऊक्येनं त्याच्या गळ्याला मफलर असा गुंडाळलाय
की बोलायचं तर आधी तो सोडवावा लागतो.

मी तिपाई रोवते.
रात्री जमीन गोठली
तर उद्या हे सगळे फ्रान्सकडे निघून जातील,
म्हणून आजच.
जादा बॅटरी काखेत धरलीय,
कोंबडीनं अंडं धरावं तशी.

आधी कालवफोडे, लालभडक चोचींचे,
सगळे एका पायावर,
दुसरा पाय कुणाकडे गहाण टाकल्यासारखे.
मग खाडीतली बदकं, शीळ घालत.
त्यांची तोंडं काही चौकटीत येत नाहीत, शेपट्या येतात.
शेपट्याच काढते.
एक कुरव, वाकडी चोच मुळापर्यंत चिखलात.
"हा शिजायला चिवट," हिल्के म्हणतो.
मी बटण दाबत राहते.

सोनचिखले मात्र लांब आहेत.
इकडे त्यांना विल्स्टर म्हणतात.
कुरणाच्या पार टोकाला, ढेकळांमध्ये ढेकळं होऊन.
मोठ्या भिंगातूनसुद्धा मोहरीएवढे.

"गवतात जाळं निजवायचं," तो सांगतो,
"वारा बघून.
पुढे लाकडाचे पक्षी मांडायचे. एक जिवंत, दोरीला.
आपण पडद्याआड, दोर हातात.
एका ओढीला साठ आलेत मला.
मान अंगठ्यानं.
विचारणारच होतीस ना? अंगठ्यानं.
डझनावर जायचे पॅरिसला, टोपल्यांतून.
मग कायदा आला. मग विद्यापीठाची पोरं आली.
जाळं तेच, शिट्टी तीच,
फक्त आता पायात कडं घालून सोडून द्यायचा.
पहिल्या हिवाळ्यात हात ऐकायचा नाही."

एवढं बोलून तो थर्मासचं झाकण फिरवत बसतो.
कॉफी माझ्याच बुटावर सांडते.

नंतर, मी काही न म्हणता,
खिशातून काढतो ती: तांब्याची, बापानं केलेली,
एका जागी दातांनी चेपलेली.
दोन सूर. पहिला चढता, दुसरा
अर्ध्यावर हात सोडल्यासारखा.
काहीच नाही.
पुन्हा.
टोकाकडची ढेकळं उठली.

मला वाटलं होतं एकदोन येतील.
आख्खं कुरण आलं,
पत्ते पिसावेत तसं,
एका वळणाला सोनेरी, दुसऱ्याला पांढरं,
इतकं खाली की पंखांचा वारा कानाला लागला.
मोठं भिंग आता कुचकामाचं.
गळ्यातला छोटा कॅमेरा उचलला आणि दाबत सुटले,
कुठे, कशावर, देव जाणे.

शेजारी काहीतरी खसकन हललं.
हिल्केचा उजवा हात कोपरापासून मागे आला होता,
मूठ आवळलेली,
मुठीत काही नाही.
पक्षी डोक्यावरून गेले, बांधापलीकडे, चिखलावर.
"मध्ये आलो का मी?" त्यानं विचारलं.
नाही म्हटलं.

रात्री घरी चारशे बारा चित्रं.
पुसली, पुसली, शेपट्यासुद्धा पुसल्या.
एक राहिलं:
वर थवा, प्रत्येक पीस मोजता येईल असा,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात
धूसर, तपकिरी हातमोज्यातली मूठ.
कापता आली असती. दोन मिनिटांचं काम.

छापून घेऊन गेले रविवारी.
जमीन तोवर दगड झाली होती, कुरणं रिकामी.
बाऊक्येनं चित्र भिंतीला टेकवलं, साखरेच्या डब्याशेजारी.
त्यानं चष्मा बदलला. नाक चित्राला लागेल इतकं वाकून
थवा पाहिला, मग मूठ, मग पुन्हा थवा.

"घाई झाली," तो म्हणाला.
"अजून हातभर खाली येऊ द्यायला हवे होते."